बाबांच्या ट्रंकेतली हेलिओस लेन्स, मिररलेस कॅमेरा आणि धूसर आयर्विन पूल

हरिपूरकर | ४ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज, जे येईल ते. रोल जाऊन डिजिटल आलं तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि सामान पत्र्याच्या ट्रंकेत भरून घरी माळ्यावर ठेवलं. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. खालचं सगळं गेलं, निगेटिव्हची खोकीसुद्धा गेली. माळा तेवढा वाचला. आता बाबाही नाहीत. गेल्या महिन्यात आईनेच ट्रंक उतरवायला लावली.

आत निघालं ते असं: झेनिट कॅमेरा आणि त्याची हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), पेंटॅक्स के१००० त्याच्या ५० मिमी एफ/२ सकट, आणि १३५ मिमीची एक लांब लेन्स, तीही झेनिटसारखीच स्क्रूची. हेलिओसच्या फोकस रिंगवर एका जागी काळा रंग पार गेलाय आणि खालचं अॅल्युमिनियम चकाकतं. बाबांचं बोट तिथे बसायचं. मी लेन्स हातात धरली तर माझंही बोट आपसूक तिथेच गेलं.

मग मी जुना सोनी ए६०००, म्हणजे आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा, घेतला आणि एम४२चा (झेनिटच्या स्क्रूचा) अॅडॅप्टर, म्हणजे लेन्स जोडायचं कडं, मागवलं. पहिल्या दिवशी शटरच दबेना. कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केल्यावर काम झालं. आईचा सोप्यात बसलेला फोटो काढला, एफ/२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून. पापण्यांचा केस न् केस मोजावा असा, आणि मागच्या तगरीची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरलेली. मी किती वेळ तो फोटो बघत होतो सांगता येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी घाटावर गेलो. तिथून कृष्णेवरचा आयर्विन पूल घेतला, फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवून. एफ/२ला पूल धूसर. एफ/८ला, म्हणजे छिद्र लहान केल्यावर, व्यवस्थित. दहा-बारा फोटो काढले, प्रत्येक वेळी तेच. माळा वाचला तरी त्या पावसाळ्यात घर महिनाभर ओलं होतं. दमटपणाने लेन्स गेली असेल का? जाणकारांनी सांगावं. ही लेन्स मला वापरायचीच आहे.

लग्नसराई | ४ मे, रात्री ११:०२

हरिपूरकर, आधी आईंच्या फोटोबद्दल मनापासून दाद. मी तासगावात लग्नांचं काम करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. जुन्या लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या की मऊच, म्हणजे जरा धूसरच, असतात. तेव्हाचं काचेवरचं कोटिंग साधं, उजेड समोरून आला की सगळं दुधाळ होतं. वरमाला पडायच्या अर्ध्या सेकंदात हाताने फोकस होत नाही, आणि तो क्षण पुन्हा मिळत नाही. घरचे फोटो जरूर काढा, पण पुलासाठी एफ/८ आहेच की. लेन्सवर खर्च करू नका.

कोयनाकाठ | ५ मे, सकाळी ७:२०

खर्चाचं नंतर बघू, आधी लेन्स तपासा. मी कराडला घरीच जुन्या लेन्स उघडून साफ करतो, वीसेक वर्षं झाली.

अंधाऱ्या खोलीत जा. अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) पूर्ण उघडा, लेन्सच्या मागून तिरपा टॉर्च टाका आणि पुढून बघा. धूळ दिसेल, तिला घाबरू नका, चिमूटभर धुळीने फोटोत काही होत नाही. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, बहुतेक कडेपासून आत आलेले. काच सगळीकडून सारखीच धुरकट दिसली तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली असते. ती पुसून जाते. बुरशीही पुसता येते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहतो.

आणि ट्रंकेत चामड्याची केस असेल तर लेन्स आजच त्यातून बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं. डांबराच्या गोळ्याही टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. तवा मात्र स्वयंपाकाचा नको.

हरिपूरकर | ५ मे, रात्री ९:३०

टॉर्च लावून बघितलं. हेलिओस स्वच्छ आहे, दोन-तीन धुळीचे कण फक्त. पेंटॅक्सची ५० पण चांगली. १३५ मध्ये कडेला तंतू आहेत, बाभळीच्या मुळ्यांसारखे. तीच एक चामड्याच्या केसमध्ये होती.

म्हणजे हेलिओस आतून ठीक, तरी पूल धूसरच.

नाना_यवतेश्वर | ६ मे, सकाळी ६:१५

हरिपूरकर, तुझ्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर आहे. आईची पापणी एफ/२ला धारदार येते. लेन्स जात्याच मऊ असती किंवा बिघडलेली असती तर पापणी पण धूसर आली असती. लग्नसराई, तुमचं म्हणणं कोटिंगबद्दल बरोबर आहे, पण इथे तो आजार नाही. मला अॅडॅप्टरचा संशय येतो.

मी साताऱ्यात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा फळ्यावर गेल्यासारखं लिहितो. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते ती कडा आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. एम४२ला ते ४५.४६ मिमी. पेंटॅक्सने १९७५ साली स्क्रू सोडून के माउंट (लेन्स अडकवायची नवी जोडणी) आणला तेव्हा हेच अंतर कायम ठेवलं. मिनोल्टाचं ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२, निकॉन एफचं ४६.५. या सगळ्या कॅमेऱ्यांत मध्ये आरसा हलायला जागा लागायची म्हणून अंतर मोठं. मिररलेसमध्ये आरसा गेला, त्यामुळे सोनी ई माउंटचं फक्त १८, फुजी एक्सचं १७.७, निकॉन झेडचं १६. मधली जागा मोकळी राहते आणि तिथे एक पोकळ कडं बसवलं की झालं. तुझ्या अॅडॅप्टरची जाडी हवी ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. त्यात काच नाही, वायर नाही, फक्त जाडी. पण ती जाडी बरोबरच हवी.

कडं जाड झालं तर लेन्स सेन्सरपासून जास्त लांब राहते. जवळच्या वस्तूला फरक पडत नाही, कारण आपण रिंग फिरवून ते भरून काढतो. लांबच्या वस्तूसाठी लेन्स आत यायला हवी, आणि तिथे रिंग संपते. जाडीतली चूक फार बारीक असली तरी पुरते. ५० मिमी लेन्सला ०.१ मिमी जास्त झालं की २५ मीटरच्या पलीकडे फोकस जात नाही. २८ मिमीच्या लेन्सला तेवढ्याच चुकीने आठ मीटर. एफ/८ला सगळं ठीक दिसतं कारण छिद्र लहान केल्यावर ती चूक झाकली जाते.

आता दोन गोष्टी कर. एक, रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेवर ठेव, एफ/२, आणि गल्लीत वेगवेगळ्या अंतरावरच्या वस्तू बघ. सगळ्यात धारदार कुठली दिसते ते शोध आणि टेपने अंतर मोज. दोन, लेन्स परत झेनिटवर लाव. मागचं झाकण उघड, फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटव, शटर 'बी'वर (दाबलंय तोवर उघडं राहतं) दाबून धर आणि पुलाकडे रोख. त्या कॅमेऱ्यावर पूल स्पष्ट आला तर लेन्स निर्दोष.

मनवा_सातारा | ६ मे, दुपारी १:४०

नानांचं वाचून माझ्या डोक्यातली कित्येक वर्षांची गाठ सुटली.

हरिपूरकर, १३५ला टाकाऊ समजू नका. कास पठारावर माझा सगळ्यात जास्त वापर १३५चाच होतो. सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात तेव्हा ५० मिमीने मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो, करायचं तर फुलावर नाक टेकावं लागतं. त्यासाठी माणसं कुंपण ओलांडतात, गुडघे टेकतात, आणि एका गुडघ्याखाली शंभर रोपं जातात. मला ते बघवत नाही. १३५च्या मागे २८ मिमीची एक्स्टेन्शन रिंग (लेन्स पुढे सरकवणारं पोकळ कडं) लावली की पाऊण मीटरवरून फूल साधारण पाचव्या हिश्श्याच्या आकारात सेन्सरवर येतं, आणि फोकस रिंग अजून पुढे नेली तर त्याहून मोठं. पाय वाटेवरच राहतात. एम४२च्या रिंगांचा तिघींचा संच अगदी स्वस्तात मिळतो, त्यातही काच नसते.

वाऱ्यात गेंदाचा गोळा हलत असतो. मी फोकसला हात न लावता श्वास रोखून स्वतः पुढे-मागे झुकते आणि फूल धारदार दिसलं की दाबते. ऑटोफोकस तिथे गवताच्या पात्यांवर भटकत बसतो.

विट्याचा_राजा | ६ मे, संध्याकाळी ६:०५

माझा प्रश्न मध्येच घुसवतो, माफी असावी. घरी निकॉन डी३२०० हा आरशाचा डीएसएलआर आहे आणि मामांची जुनी निकॉनची एआय प्रकारची ५० मिमी लेन्स. ती चालेल का? आणि हरिपूरकरांसारखी हेलिओस मी घेतली तर?

कोयनाकाठ | ६ मे, रात्री ८:५०

मामांची ५० थेट बसेल, अॅडॅप्टर नको, अनंतही मिळेल. फक्त डी३२०० तिच्यासोबत उजेड मोजत नाही. मॅन्युअल मोडवर ठेवा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा आणि शटर बदला. चार दिवसांत हात बसतो. डी७०००सारख्या कॅमेऱ्यात लेन्सची माहिती भरली की मोजमापही मिळतं, पण तिथे एक जपा: १९७७च्या आधीच्या, म्हणजे एआयच्या आधीच्या लेन्स त्या कॅमेऱ्यावर जोर करून बसवल्या तर माउंटवरची बारीक कळ मोडू शकते. मामांची एआय आहे, त्यामुळे काळजी नाही.

हेलिओस मात्र निकॉन डीएसएलआरसाठी घेऊ नका. नानांचे आकडे बघा. निकॉनचं अंतर ४६.५, एम४२चं ४५.४६. अॅडॅप्टर शून्य जाडीचा धरला तरी लेन्स एक मिमी लांबच राहते. हिशेब केला तर तीनेक मीटरच्या पलीकडे काही स्पष्ट येत नाही. त्यावर काचेचे अॅडॅप्टर मिळतात, पण ती साधी काच चांगल्या लेन्सची वाट लावते.

हरिपूरकर | ८ मे, रात्री ११:१५

नाना, दोन्ही केलं.

गल्लीत रिंग अनंतावर ठेवून बघितलं. सगळ्यात धारदार दिसला तो कोपऱ्यावरचा विजेचा खांब, त्याच्यावरचा गंज आणि जुन्या पोस्टरचा डिंकसुद्धा. पलीकडची गिरणी धूसर. टेपने मोजलं तर खांब २४ मीटरला जरासा कमी.

मग काल संध्याकाळी झेनिट घेऊन घाटावर गेलो. आई पण आली. ट्रेसिंग पेपर चिकटवला, डोक्यावरून आईची शाल घेतली आणि शटर दाबून धरलं. कागदावर पूल उलटा उमटला. खाली आभाळ, वर कृष्णा, आणि मधून एक एसटी उलटी चाललेली. खांबावर पाणीपातळीचे आकडे रंगवलेत ते सुद्धा ओळखू येत होते. आईला शालीत घेतलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे असं मला त्यांनी दाखवलं होतं, लग्न झालं त्या वर्षी." मला हे माहीत नव्हतं.

म्हणजे लेन्स निर्दोष आहे.

नाना_यवतेश्वर | ९ मे, सकाळी ६:०५

वाचून आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग.

आता हिशेब. लेन्सच्या मिमीचा वर्ग भागिले खांबाचं अंतर, म्हणजे जाडीतली चूक. ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४. त्याला २४,००० मिमीने भाग. ०.१४ आलं. तुझा अॅडॅप्टर २७.४६ऐवजी २७.६०च्या आसपास असणार. मोजून घे. लेन्सच्या फोकस रिंगवर तीन बारीक स्क्रू आहेत, ते सैल करून अनंताची जागा सरकवता येते असं कुणी सांगेल. ते करू नकोस. लेन्स झेनिटवर बरोबर आहे, तिला बिघडवून कड्याची चूक कशाला झाकायची?

तंबोरा | ९ मे, दुपारी १२:३०

आम्ही मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम करतो, कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण मोजमापातलं कळतं. हरिपूरकर, कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे जा. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजायला सांगा, एका ठिकाणी नको. कडं एका बाजूला जाड असेल तर ते वेगळंच दुखणं. फेसिंग (लेथवर कड्याचं तोंड सपाट घासणं) करताना लेन्सच्या बाजूचा कडा घासायला सांगा, कॅमेऱ्यात अडकणारी बाजू नको. आणि एका दमात नाही, थोडं थोडं.

झालं की आमच्याकडे या. पावसाच्या आधी भोपळे टांगलेले असतात, उजेड फक्त दारातून येतो. तुमच्या एफ/२ला काम मिळेल.

लग्नसराई | ९ मे, रात्री १०:२०

माझा अंदाज चुकला, मान्य. एक विचारतो: हे अॅडॅप्टर असे चुकीचे का येतात? आणि फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडांवर रंगीत ठिपके दाखवणाऱ्या सोयीवर) भरवसा ठेवावा का? मी एकदा घरगुती बारशाला वापरून बघणार आहे.

कोयनाकाठ | १० मे, सकाळी ७:४५

बरेच बनवणारे मुद्दाम जरासे पातळ करतात, म्हणजे अनंताच्या किंचित पुढे जाता येतं आणि तक्रार येत नाही. तसल्या कड्यावर रिंग शेवटपर्यंत फिरवून लांबचा फोटो काढायचा नसतो, थोडं मागे यायचं असतं. हरिपूरकरांना उलटं मिळालं.

पीकिंगचे रंगीत ठिपके एफ/२ला फसवतात. ठिपके नाकावरही येतात आणि डोळ्यावरही. बारशाला पीकिंगने जवळ पोचा आणि मग चित्र मोठं करून डोळ्यावर नक्की करा. हेलिओस ४४-२ असेल तर तिच्या दोन रिंगांचा उपयोग शिका. एका रिंगवर हवा तो आकडा, समजा ४, लावून ठेवायचा. दुसरी रिंग उघडून भरपूर उजेडात फोकस करायचा आणि न बघता ती बंद केली की बरोबर ४वर थांबते. काहींना ही रचना कटकटीची वाटते. मला ती मिररलेसवर फार आवडते.

स्क्रूच्या नंतरच्या, आपोआप बंद होणाऱ्या लेन्समध्ये मागे एक पिन असते. अॅडॅप्टरला ती दाबणारी कडा नसेल तर रिंग कितीही फिरवा, अॅपर्चर उघडंच राहतं. विकत घेताना ती कडा आहे का बघा.

आणि हुड लावा. जुन्या काचांना समोरचा उजेड सोसत नाही, आणि सेन्सर फिल्मपेक्षा जास्त चकाकतो, त्यामुळे मागून परत उजेड काचेवर आदळतो. काळ्या कार्डपेपरची नळी केली तरी चालते.

मनवा_सातारा | १० मे, दुपारी २:१०

कोयनाकाठ, माझ्याकडे सुपर टाकुमार ५० एफ/१.४ लेन्स आहे, तिची काच चहासारखी पिवळी दिसते. ती पण बुरशीच का?

कोयनाकाठ | १० मे, रात्री ९:००

नाही. त्या लेन्समध्ये थोरियम असलेली काच आहे, वर्षानुवर्षांनी ती पिवळी पडते. किरणोत्सर्ग अगदी मंद असतो, वापरताना भीती नाही, फक्त काच फोडू किंवा घासू नका. पिवळेपणा उन्हातल्या अतिनील किरणांनी उतरतो. मागच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल लावून काही दिवस खिडकीत ठेवा. फॉइल विसरू नका, नाहीतर भिंगातून पडद्याला आग लागेल. हेलिओसला हे लागू नाही.

हरिपूरकर | १४ मे, रात्री १०:४०

कुपवाडला जाऊन आलो. चार ठिकाणी मोजलं: २७.६०, २७.६०, २७.६१, २७.६०. नाना, तुम्ही सकाळी सहा वाजता साताऱ्यात बसून खांबाच्या अंतरावरून हे सांगितलंत.

लेथवाले काका आधी तयार नव्हते, म्हणाले एवढ्याशा कड्याला चकमध्ये धरलं तर दबेल. मग त्यांनी लाकडाच्या तुकड्यावर स्क्रूच्या आट्यांसकट बसेल असा गाळा केला, त्यावर कडं बसवलं आणि मिमीच्या पाच शतांशाच्या तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर मायक्रोमीटर. रुपेरी भुगा इतका बारीक की बोटावर घेतला तर पीठ वाटावं. शेवटी २७.४५. पैसे घेतले नाहीत. भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता, खाली कोपऱ्यात बाबांच्या स्टुडिओचा शिक्का.

तिथून थेट घाटावर. एफ/२, रिंग अनंतावर. खांबावरचे आकडे वाचता येतात. फोटो जोडतोय. चारही कोपरे बघितले, नाना, कडं कुठे कललेलं नाही.

दुसरा फोटो मिरजेचा, तंबोरादादांच्या कारखान्यातला. छताला टांगलेले भोपळे, त्यांच्यावर आलेली धूळ आणि खाली पटरीवर कानस धरलेला हात. फोकस नखात अडकलेल्या भुश्यावर आहे. ५८ मिमी फिल्मपेक्षा लहान असलेल्या या सेन्सरवर ८७ सारखी वागते, त्यामुळे मला भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागलं. मागचे भोपळे बघा कसे फिरलेत.

तंबोरा | १५ मे, सकाळी ११:२०

हा हात आमच्या वडिलांचा आहे. ऐंशीला टेकलेत. फोटो मोठा करून मिळेल का? पैसे देणार.

हरिपूरकर | १५ मे, सकाळी ११:५५

दादा, पैशाचा विषयच नको. बारा बाय अठराचा काढून मीच घेऊन येतो.

कोयनाकाठ, १३५ तुमच्याकडे कधी आणू? मी उघडायचा प्रयत्न केला नाही.

कोयनाकाठ | १५ मे, रात्री ८:३०

बरं केलंत. जपानी लेन्सचे स्क्रू आपल्या साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने घसरतात, डोकी खराब होतात. आणि फोकसचा आटा सुटतो त्या क्षणाची खूण केली नाही तर परत बसवताना दहा जागांपैकी नेमकी कुठली ते कळत नाही, मग अनंत पुन्हा हरवतं.

येत्या रविवारी कराडला या. तोवर १३५ बाकीच्या दोघींच्या डब्यात ठेवू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. मृग लागायच्या आत साफ करून देतो.